फौजा भाड्याने मिळतील

वाशीम जिल्ह्यात गेल्या तीसेक वर्षांत ज्या लढाया झाल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक लढायांना दोन्हीकडची फौज मी पुरवली आहे. हे वाचून कुणी पोलिसांना फोन करू नये. गॅदरिंगचे, नाटकांचे आणि देखाव्यांचे कपडे भाड्याने देण्याचं माझं दुकान आहे, वाशीमला बस स्टँडमागच्या गल्लीत. मावळे हवेत तर मावळे आहेत, मोगल हवेत तर तेही आहेत. दोघांचे अंगरखे एकाच ताग्यातले, कमरेचा शेला तेवढा बदलायचा. लढाई संपली की जिंकलेले आणि हरलेले दोघंही दुसऱ्या दिवशी माझ्या गच्चीवर एकाच दोरीला वाळत असतात.

आता दुकान मुलगा पाहतो. मी खुर्ची टाकून बसतो आणि परत आलेल्या कपड्यांतल्या टाचण्या काढतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हा धंदा म्हणजे जरीकाठ, मुकुट आणि टिकल्यांची मौज. खरा धंदा टाचण्यांचा आणि धुण्याचा आहे. राजाचा झगा एकच असतो आणि राजे नाना मापांचे येतात. कधी चौथीतला किडकिडीत, कधी दहावीतला आडमाप. मग झगा मोठाच शिवायचा आणि राजाला मागून टाचण्या मारून आवळायचा. म्हणून आमचे राजे कधी प्रेक्षकांकडे पाठ करत नाहीत. लोक त्याला रुबाब समजतात.

सैनिकांचं आणखी वेगळं. फौजेच्या असली गणवेशाशी खेळ करायला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. आम्ही हिरव्या ठिपक्यांचं सुती कापड आणतो आणि घरीच शिवतो. लांबून पाहिलं तर जवान, जवळून पाहिलं तर खिडकीचा पडदा. तलवारी प्लायवूडच्या, वरून चंदेरी कागद. त्या मी पोरांच्या हातात कधी देत नाही. बाईंकडे देतो आणि बजावतो, पडदा उघडल्यावरच वाटा, नाहीतर लढाई ऑटोतच उरकते आणि स्टेजवर नुसत्या मुठी पोचतात.

या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शत्रू. सव्वीस जानेवारी आली की प्रत्येक शाळेला जवान हवे असतात, आणि सीमेवर जरा खुट्ट झालं की त्या वर्षी दुपटीने हवे असतात. पण जवान लढणार कुणाशी? शत्रू व्हायला एक पोर तयार होत नाही. रडतात, पोट दुखतं म्हणतात, आईला घेऊन येतात. शेवटी मी एक युक्ती काढली. जो शत्रू होईल त्याला मिशी फुकट. जवानाला मिशी नाही. झालं, दुसऱ्या वर्षीपासून शत्रूंची भरती इतकी जोरात, की एका शाळेत देशाच्या बाजूने चारच पोरं उरली आणि तीही तोंड पाडून उभी.

रिसोडचा एक धान्याचा व्यापारी माझ्यावर चिडून थेट दुकानात आला होता. त्याच्या पोराला शत्रू का केलं, हा त्याचा सवाल. मी म्हटलं, शेठ, ते शाळेने ठरवलं, मी फक्त मिशी दिली. तो विचार करत उभा राहिला आणि म्हणाला, "मेला तं चालते चाचा, पण पयाला नाही पाह्यजे." पळायचं नाही, हा बापाचा निरोप मी पोराला पोचवला. पोरगा इतका इमानी, की गोळी लागल्यावर पडेचना. जिंकलेली फौज झेंडा घेऊन ताटकळत राहिली आणि हा छाती पुढे काढून मरतच होता. टाळ्या सगळ्या त्यालाच पडल्या.

एकदा मात्र चूक माझीच झाली. एका गावाला दोन रंगांचे गणवेश कबूल केले होते आणि एक रंग दुसरीकडूनच परत आला नव्हता. दोन्ही देशांना एकच कपडे पाठवावे लागले. मी सांगितलं, शत्रूने शर्ट उलटा घालावा. उन्हाची वेळ, पोरं धावली, घामाघूम झाली, कुणी शर्ट काढला, कुणी सुलटा केला. मग ज्याला जो सापडला त्याला त्याने धरला. सख्खे मित्र एकमेकांना आपटत होते. सरांनी शिट्टी फुंकून युद्ध थांबवलं तेव्हा कोण जिंकलं हे कुणालाच सांगता येईना. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात दोन्ही देशांचं अभिनंदन केलं आणि दोघांच्याही उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा दिल्या.

एवढ्या लढाया पाहिलेला माणूस म्हणून लोक मला कधी कधी विचारतात, काय चाचा, युद्ध करावं की नाही? आमच्या घरचं मत असं, की या विषयावर मी मत देऊ नये. "तुम चुप बैठो," बायको म्हणते, "अपना काम कपडे देने का है." आजच्या दिवसांत तिचं म्हणणं शहाणपणाचं आहे, आणि मी बहुतेक ऐकतोच. पण इंझोरी गावची हकीकत मला सांगायची आहे, कारण तिथे माझं मत कुणी विचारलंच नव्हतं. मला फक्त कमरपट्टा बांधायचा होता.

इंझोरीच्या बौद्ध वस्तीत वानखडे गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. दर बुद्ध पौर्णिमेला त्यांनी लिहिलेलं एक नाटक विहारासमोरच्या पटांगणात होतं. आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असतं, की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. त्या वस्तीत दुसरी गोष्ट सांगतात, आणि ती शेंबड्या पोरालाही पाठ असते. शाक्य आणि कोलिय यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटलं. शाक्यांचा सेनापती सभेत उभा राहिला आणि म्हणाला, युद्ध करू. तरुण सिद्धार्थ एकटा उलट उभा राहिला. म्हणाला, आधी चूक कुणाची ते पाहू. दोन माणसं आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी पाचवा निवडावा. सभेने ऐकलं नाही, मत युद्धाच्या बाजूने पडलं. मग सिद्धार्थ म्हणाला, मी सैन्यात जाणार नाही, या युद्धात भाग घेणार नाही. याची शिक्षा म्हणून त्याने घर आणि राज्य सोडलं.

गुरुजींनी यात एक गंमत केली होती. सभा म्हणजे समोर बसलेले प्रेक्षकच. सेनापती पुढे येऊन विचारतो, युद्धाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा. दरवर्षी सगळं पटांगण हसत हसत हात वर करतं, पोरं तर दोन्ही हात करतात. सिद्धार्थ हरला तरच नाटक पुढे जातं, हे सगळ्यांना ठाऊक.

ही हकीकत ज्या वर्षीची, त्या वर्षी सिद्धार्थ झाला होता संदीप. कॉलेजात असताना तोच व्हायचा, उंचापुरा, आवाज खणखणीत. पुढे फौजेत लागला आणि पौर्णिमेला कधी सुट्टी जुळेना. त्या वर्षी जुळली. गुरुजींनी जोरात तालमी घेतल्या. आणि ऐन वैशाखात सीमेवर तणाव वाढला. सुट्टी रद्द झाल्याचा फोन आला, दुसऱ्या दिवशी वाशीमहून गाडी धरायची. संदीप आज सुखरूप आहे, मागच्याच महिन्यात त्याने मला फोनवर त्याच्या लेकीसाठी परीचा ड्रेस सांगितला, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावणं मला आवडत नाही.

गुरुजींचा मला फोन आला, "सलीमभाई, बुद्ध उद्या नाही, आज संध्याकाळी आहे." मी टेम्पोत गाठोडी टाकली आणि निघालो. तिथे पोचलो तर वेगळाच वाद चालला होता. काहींचं म्हणणं, अशा दिवसांत युद्ध नको म्हणणारं नाटक करावंच कशाला, त्यापेक्षा पोराला डीजे लावून निरोप देऊ. गुरुजी म्हणाले, हे नाटक दरवर्षी आहे, लढाई यंदा आली आहे, थांबायचं तर तिने थांबावं. आणि त्यांनी मला गाठोडी सोडायला सांगितलं.

अंगणवाडीच्या खोलीत मी संदीपला नेसवत होतो. पिवळा पितांबर, वर शेला, कमरपट्टा. फौजेतल्या माणसाला कपडे चढवायला बरं पडतं, सांगितलं तसा उभा राहतो. पण तो खाली पाहून म्हणाला, "चाचा, ते वाक्य मले बोलता येनार नाही."

कोणतं ते विचारायची गरज नव्हती, सैन्यात जाणार नाही, तेच. खोलीत सेनापती झालेला गजानन होता. एरवी तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि सेनापती होण्याइतका त्याचा आवाज इंजिनावर ओरडूनच तयार झालाय. त्याला वाटलं, संदीपला लढाईचा अभिमान आहे म्हणून तो नको म्हणतोय. तो म्हणाला, बरोबरच आहे, घरात चोर शिरला तर माणूस काय प्रवचन देत बसेल? आपण भूमिका बदलू, तू सेनापती हो, मी सिद्धार्थ होतो. त्याच्या पोटाकडे पाहून मी म्हटलं, पितांबर पुरणार नाही.

गुरुजी आले आणि बसले. आवाज चढवला नाही. म्हणाले, चोर शिरला तर काठी घ्यावीच, त्याला सिद्धार्थाची मनाई नाही. त्याचा सवाल काठी धरणाऱ्याला नव्हता, सभेत बसून हात वर करणाऱ्यांना होता. चोर खरंच शिरला का, दार कुणी उघडं ठेवलं, बोलून प्रश्न सुटतो का, हे आधी पाहा आणि मग पोरं पाठवा, एवढंच तो म्हणतो. तू तर सीमेवर उभा राहणारा आहेस बाबा, तुझा यात काय दोष?

"तेच म्हनून राह्यलो गुरुजी," संदीप म्हणाला. "सिद्धार्थ सभेत होता, त्याले मत होतं. मी तं उभा राहनारा मानूस. मी नाही जात म्हनलं का माह्या जागी दुसरा उभा राह्यते. त्यालेबी माय हाय. माह्या तोंडचं 'नाही' म्हनजे त्याले 'जाय' म्हनल्यासारखं होते. नाटक असो का काही, मले नाही निंगत ते."

मी कमरपट्ट्याची टाचणी हातात धरून तसाच थांबलो. युद्धाबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, स्टेजच्या बाजूला उभं राहून, कपडे परत मिळण्याची वाट पाहत. असं बोलणं ऐकलं नव्हतं. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला पोराचं पटलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते तेव्हा गुरुजींकडे पाहून कळलं. पण वाक्य काढलं तर सिद्धार्थ घर सोडेल कशासाठी, हा प्रश्न राहतच होता. शेवटी असं ठरलं, की त्या जागी संदीपने नुसते हात जोडून उभं राहायचं आणि ते वाक्य गुरुजींनी पडद्यामागून माइकवर सांगायचं. गुरुजींनी हे मान्य केलं, पण कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करून.

दारात संदीपची आई उभ्या होत्या. वच्छलाबाई. नटमंडळींसाठी चहा आणला होता आणि कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. किटली खाली ठेवून त्या गुरुजींना म्हणाल्या, "तो फौजेत गेला तवापासून मी एकच आयकून राह्यली, जातो माय, जातो माय. एक डाव तं आयकू द्या मले त्याच्या तोंडून, नाही जात म्हनून. नाटकात का होईना."

संदीप म्हणाला, "माय, तू भायेर बस, जागा भरून जाईन." त्या गेल्या. मला भरून आलं होतं, आणि त्या भरात टाचणी थेट त्याच्या कमरेत गेली. त्याने हूं की चूं केलं नाही.

दिवे लागले तेव्हा पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगा उद्या निघणार म्हणून सगळं गाव आलं होतं, वस्तीबाहेरचेही. नाटक रंगलं. गजानन तर असा तापला, की त्याच्या मिशीचा गोंद सुटेल याची मला धास्ती वाटू लागली. संदीपने चौकशीचं म्हणणं मांडलं, दोन त्यांचे, दोन आपले, पाचवा चौघांनी निवडलेला. लोक कान देऊन ऐकत होते. मग सेनापती पुढे आला आणि गरजला, जे युद्धाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा.

एकही हात वर गेला नाही.

चार-दोन पोरांनी सवयीने केले, ते त्यांच्या आयांनी खाली ओढले. लोक संदीपकडे पाहत होते, मग एकमेकांकडे. गजाननने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तो बिचारा लिहिलेलं सोडून स्वतःचं बोलू लागला, "अरे, पानी अडवलं ना बावा तुमचं!" मागून कुणीतरी म्हणालं, "अडवू दे, बोअर मारू." हशा पिकला, पण हात काही उठले नाहीत.

पडद्यामागे गुरुजींनी माझा दंड धरला. "सलीमभाई, घात झाला. युद्ध ठरलं नाही तर सिद्धार्थ घरीच राहते. मग बुद्ध होते कसा?" मी म्हटलं, गुरुजी, मी फक्त कपडे देतो. दुसरं काय सांगणार? इतकी वर्षं दोन्ही बाजूंची फौज पुरवली, पण एकाही बाजूने लढायला नकार दिल्याचा प्रसंग मला नवा होता. मनातून मला फार आनंद झाला होता, हे कबूल करतो. गुरुजी हळहळत होते, गजानन स्टेजवर गटांगळ्या खात होता, आणि मला वाटत होतं, राहू द्या असंच, पडदा टाका, खीर वाटा आणि सगळे घरी जाऊ.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला वच्छलाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. उजवा हात, पूर्ण ताठ, बसमध्ये दांडा धरल्यासारखा.

शेजारच्या बाईने त्यांचा पदर ओढला. "अवं वच्छला, तू लढाईच्या बाजूनं?"

"मले पुढचं आयकाचं हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या शेजारणीने हात वर केला. तिच्या मागच्या बाईने केला. बायकांची बाजू हळूहळू भरली, मग पुरुषांची. कुणी हसत नव्हतं. पडद्यामागे मीही हात वर केला, तो कुणी पाहिला नाही आणि आमच्या घरी अजून माहीत नाही.

गजानन मोठ्याने म्हणाला, सभेचं मत पडलं. आता सिद्धार्थाने हात जोडायचे होते. गुरुजींनी माइक तोंडाशी नेला. संदीपने न वळता मागे हाताने खूण केली, थांबा. तो स्टेजच्या कडेपर्यंत गेला. तालमीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गुरुजी सगळा प्रवेश पुन्हा करून घेतात. संदीपने पुस्तकी वाक्य सोडूनच दिलं.

"मी नाही जात माय," तो म्हणाला. "मी फौजेत नाही जात."

टाळी पडली नाही. वच्छलाबाईंनी हात खाली घेतला आणि त्या बसल्या. गजाननचं पुढचं वाक्य होतं, सिद्धार्थाला शिक्षा सुनावण्याचं, ते त्याला कितीतरी वेळ आठवेना. त्याने तोंडावरून हात फिरवला तेव्हा मिशी हातात आली. आमचा गोंद डोळ्यांच्या पाण्याला टिकत नाही. शेवटी गुरुजींनी माइकवरून त्याचं वाक्य म्हटलं आणि नाटक पुढे सरकलं. सिद्धार्थ घराबाहेर पडला, बुद्ध झाला, खीर वाटली गेली.

सकाळी मला टेम्पो घेऊन वाशीमलाच परतायचं होतं, म्हणून संदीपला मीच स्टेशनवर सोडणार होतो. गाठोडी मागे टाकली, त्यांच्यावर त्याची ट्रंक. सेनापतीचा फेटा आणि फौजेची ट्रंक असा माल मी पहिल्यांदाच वाहत होतो. निरोपाला वस्ती जमली. गुरुजी काहीतरी सांगू पाहत होते, पण नुसतंच त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत राहिले. गजाननने टेम्पोच्या इंजिनाला कान लावला, पट्टा ढिला आहे म्हणाला आणि तिथल्या तिथे आवळून दिला.

संदीप आईच्या पाया पडला. खाली वाकला तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. मला वाटलं, आता या रडणार, आणि मग याचं निघणं अवघड होणार. मी उगाचच टेम्पो सुरू केला. वच्छलाबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं, डब्याची पिशवी हातात दिली, आणि गाडीकडे वळवून पाठीवर थाप मारली.

"रातच्याले आयकलं म्या," त्या म्हणाल्या. "आता जाय."